टावेलाखालचा हात

शाळेत मी एकदाच गेल्तो. आमची म्हस तिथं घुसली हुती, तिला आनायला. मास्तरनं मला भाईर हाकललं, म्हस आतच ऱ्हायली. तवापासनं शिक्षनाचा आन माझा संबंध न्हाई. हे बी मी नुसतं बोलतोय, नात लिहितीय. चुकलं तर तिचं, हसू आलं तर माझं.

धंदा माझा जनावरांच्या दलालीचा. ऱ्हायला नगरजवळच्या केडगावला, पन बाजार घोडेगावचा, सोनईजवळचा. ज्यांनी तो बघितला न्हाई त्यांना सांगतो, तिथं म्हशीचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. घेनाऱ्याचा हात आन इकनाऱ्याचा हात टावेलाखाली जातो आन बोटं दाबून बोलनं चालतं. भवती गर्दी असू द्या, गर्दीला नुसता टावेल हालताना दिसतो. एकदा हात धरला की सुटस्तवर उठायचं न्हाई, तिसऱ्याशी बोलायचं न्हाई, पान्याचा घोट बी घ्यायचा न्हाई. जो आधी हात सोडून उठला त्यानं सौदा मोडला.

बाकीचे हे पाळतात आन गरज पडली की झटकून उठतात बी. मी उठत न्हाई. आमच्या घरात आधी हात सोडायचा न्हाई अशी रीत हाय. ही रीत अख्ख्या बाजाराला म्हाईत, म्हनून माझ्याशी सौदा करायला अक्कल लागत न्हाई, नुसतं बूड लागतं. बसून ऱ्हायचं. ऊन चढतं, मला तहान लागते, लघवीला लागते, आन शेवटी मी समोरच्याच्या भावाला मान डोलावतो. नगर जिल्ह्यात माझ्याएवढा वाईट दलाल दुसरा नसंल. घरची म्हनते, तुमाला गिऱ्हाईक शोधायला लागत न्हाई, गिऱ्हाईकच तुमाला शोधत येतं, जसं मांजर दूध शोधत येतं.

माझ्यासारखा हट्टी मला एकच भेटला. जामखेडचे एक चाचा, म्हशी-गाईंचे जुने व्यापारी. एका कालवडीसाठी आमी दोघांनी हात धरला. चाचा सोडंनात, मी तर सोडनारच न्हाई. बाजार उलगला. चहावाल्यानं स्टो बंद केला. कालवडीचा मालक आमाला कटाळला आन त्यानं परस्पर दुसऱ्यालाच देऊन टाकली. कालवड आमच्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढली, आमच्याकडं बघत बघत गेली, तरी आमी बसलेलोच. सौदा कशाचा तर वाऱ्याचा.

आन तवाच ते झालं. टावेलाखाली माझ्या मनगटावर गार काही तरी आलं. चाचांचा पंजा माझ्या पंज्यात हुता, गरम, घामेजलेला. हे वेगळं हुतं. मला वाटलं म्हाताऱ्यानं दुसरा हात आत घातला. मी म्हनलं, "चाचा, तुमचा दुसरा हात कुठंय?"

चाचांनी दुसरा हात वर करून दाखवला. त्यात बिडी हुती, इझलेली.

मग आमी दोघं टावेलाकडं बघत बसलो. चाचा हळूच म्हनले, "एकदम सोडू. तू बी, मी बी." आमी एकदम हात काढले. टावेल खाली पडायला पायजे हुता, तो जरा थांबून पडला. वारा असंल. मी घरी येताना वारा हुता का ते आठवत आलो, न्हाई आठवलं.

ही रीत आमच्यात कुठून आली ते आबानं सांगितलेलं. आबा म्हंजे माझा बाप. त्याला त्याच्या आज्यानं सांगितलं. तो आजा इंग्रजाच्या राज्यात भिंगारच्या कॅम्पात खेचरांवर हुता, ओझ्याची खेचरं सांभाळायला. त्याला खेचरांसकट रेल्वेत घातलं आन पार हिमालयाच्या पलीकडं नेलं, तिबेटात. कशाला नेतायत ते कुनी सांगितलं न्हाई. नंतर कळलं की व्यापाराची बोलनी करायचीत. इंग्रजाला तिकडं चहा इकायचा हुता आन तिकडची लोकर घ्यायची हुती, पन तिबेटचं सरकार त्याचं पत्रच घेत नव्हतं, जसंच्या तसं माघारी धाडायचं. म्हनून सायब सवता निघाला, बंदुका घेऊन. दुकानात शिरायला एवढ्या बंदुका कशाला, हे आबाच्या आज्याला कळलं न्हाई. मला बी अजून न्हाई कळलं, पन माझं काय, मला पिशवी घेऊन दुकानात गेलो तरी काय आनायचं ते आठवत न्हाई.

एका किल्ल्याखाली त्यांचा तळ पडला. तिबेटचे अंमलदार डोंगरावरनं यायचे, सायबाच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घालायचे, सायब त्यांच्या गळ्यात घालायचा, चहा व्हायचा. मग अंमलदार म्हनायचे, तुमी आधी माघारी सरहद्दीवर जा, मग तिथं बोलू. सायब म्हनायचा, बोलायचं ते हितंच. आन पट्टे गळ्यात घालून दोघं आपापल्या जागी. रोज हेच. इकडं खेचरांचा चारा संपला. थंडी अशी की पानी बादलीत वाजायचं. उपाशी खेचरं एकमेकांच्या शेपट्या खायला लागली, दोर खायला लागली. आबाचा आजा जनावरातला मानूस, त्याला ते बघवंना.

तळाजवळ एक गाव हुतं, घरांच्या माळवदावर गवताच्या गंज्या. ते गवत किल्ल्याच्या अंमलदाराच्या कारभाऱ्याच्या ताब्यात. आबाचा आजा एकटाच त्याच्याकडं गेला. सायबाला न इचारता. याला त्याची भाषा येईना, त्याला याची. दोघं उभे. मग त्या कारभाऱ्यानं आपली बाही पुढं केली. तिकडं अंगरखा घालतात त्याच्या बाह्या हातापेक्षा लांब, लोंबत्या. त्या बाहीचं तोंड त्यानं याच्या समोर धरलं.

आबाचा आजा म्हनायचा, त्या मुलखात पाय टाकल्यापासनं पहिल्यांदा कुनी तरी माझ्याशी बोललं. त्यानं हात बाहीत घातला. आत त्या मानसाचा हात हुता आन बोटं दाबत हुती, आपल्या बाजारात दाबतात तशी. गवताच्या बदल्यात हा काय देतो, तो काय मागतो, सगळं बाहीत चाललं. दोघं जमिनीवर बसले. दोघं हसायला बी लागले म्हनं. सौदा अगदी काठावर आला.

तेवढ्यात तळावर बिगूल वाजला. वर सायबाची आन अंमलदारांची बोलनी फिसकटली हुती. जमादार बोंबलत आला, ऊठ म्हनून. आबाच्या आज्यानं हात काढला आन उठला. कारभारी तसाच बसलेला, बाही पुढं धरलेली. त्याला बिगूल कळला न्हाई, त्याला वाटलं हा आत्ता परत बसंल.

दुसऱ्या दिवशी गोळ्या चालल्या. गाव रिकामं झालं. गवत फुकटच मिळालं. ते आबाच्या आज्यानंच सवताच्या हातानं खेचरांवर भरलं. भरताना त्याला भिंतीकडंला मानसं पडलेली दिसली. एकाची बाही वाऱ्यानं हालत हुती. तो कारभारीच का दुसरा कुनी, ते त्यानं जवळ जाऊन बघितलं न्हाई. बाह्या सगळ्यांच्या सारख्याच हुत्या, असं तो म्हनायचा.

घरी आल्यावर त्यानं रीत घातली की आपल्यातल्या कुनी आधी हात सोडायचा न्हाई. आन म्हातारपनी तो झोपेत हात पुढं करून धरायला बघायचा. आबा तवा लहान, त्याच्याशेजारी निजायचा. तो हात आबाच्या हातात यायचा. आबा सकाळपर्यंत सोडवायचा न्हाई. त्याला भ्या वाटायचं, पन सोडवायचं त्याहून जास्त भ्या वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात आबाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलनं फुटंना. उजवा हात तेवढा मिटलेला. डॉक्टर म्हनला शिरा आखडल्यात, रबरी चेंडू द्या हातात, व्यायाम व्हईल. मी चेंडू दिला. दिवेलागनीला बघतो तर आबा चेंडूशी सौदा करत हुता. गोधडीखाली बोटं दाबत हुती, एक, मग दोन, मग थांबायची. थांबून समोरचं उत्तर ऐकायची. डोळे खाटंच्या पायथ्याशी. तिथं कुनी न्हाई.

मी गमतीनं म्हनलं, आबा, चेंडू माझ्यापेक्षा बरा दलाल हाय, सोडू नका त्याला. आबानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

मग त्यानं खानं सोडलं. आधी आमाला वाटलं गिळता येत न्हाई. पन सकाळी यायचं. सकाळी हात मोकळा असला की चार घास घ्यायचा. जसजसे दिवस जायला लागले तसा हात सकाळी बी मोकळा व्हईना. घरची पेजंचा चमचा तोंडाशी न्यायची, आबा ओठ मिटायचा. मला कळायला येळ लागला, मला सगळंच उशिरा कळतं. सौदा चालू असताना पान्याचा घोट घ्यायचा न्हाई. आबा बाजारात बसला हुता. आन समोरचा हात सोडत नव्हता.

डॉक्टर म्हनला नळी घालू, पन या वयात किती दिवस. आबाचा गळा पार आत गेला हुता. मी त्याचा हात धरून बघितला, म्हनलं माझ्याशी सौदा करा, मी हारतोच. त्यानं धरला. मग मला सोडवंना. रीत. घरची दुपारी भाकरी घेऊन आली तर आमी दोघं बापलेक उपाशी. तिनं कपाळाला हात लावला. म्हनली, "आता तिबेटातनंच मानूस आना, तुमा दोघांना सोडवायला."

ती चिडून बोलली. तिची चेष्टा मला कधीच कळत न्हाई, मी उठलो आन खरंच आनायला निघालो. म्हंजे तिनंच आधी आमची बोटं एक एक करून सोडवली.

दर हिवाळ्यात नगरला तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, कापडाच्या पालांचा. मी तिथं गेलो. एका पालात माझ्याच वयाचा गडी बसलेला, गोल तोंडाचा, बायको शेजारी. लोकं त्याला लामाशेठ म्हनत हुते. त्याच्या डोक्यावर पाटी टांगलेली. मी शेजारच्या गिऱ्हाइकाला इचारलं काय लिहिलंय. तो म्हनला, एकच भाव, घासाघीस करू नये. म्हंजे जन्मात पहिल्यांदा सौदा मागायला निघालो आन तो कुठं, तर जिथं सौदाच करत न्हाईत.

तोंड उघडायची हिंमत व्हईना, म्हनून मी आधी एक स्वेटर घेतला. मापाचा बघायचा ऱ्हायला. त्याच्या बाह्या माझ्या गुडघ्याला लागत हुत्या. लामाशेठ बोलला, "काका, हा मोठा. लहान हाय, देतो." मी म्हनलं ऱ्हाऊ द्या, मी अजून वाढनार हाय. तो हसला. मग मी त्याला सगळं सांगितलं. आज्याचं, बाहीचं, आबाचं. मधी मधी गिऱ्हाइकं येत हुती, मी थांबत हुतो, परत सांगत हुतो.

तो म्हनला, त्यानं तिबेट कधी बघितलेला न्हाई. जन्म कर्नाटकातला, त्यांच्या वस्तीवरचा, कानडी चांगलं येतं. तिबेट त्याच्या बापानं पायी सोडला. मी म्हनलं, मग चुकलं माझं, आन स्वेटर उचलून निघालो. तो मागनं म्हनला, "बाही बापाला म्हाईत हुती. माझा बाप तिकडं लोकर इकायचा. मी लहान असताना बाहीत माझी बोटं दाबायचा. खेळ."

त्यानं बायकोला त्यांच्या भाषेत काही तरी सांगितलं. ती माझ्याकडं बघून बराच येळ बोलली. त्याचा अर्थ कुनी सांगायची गरज न्हाई, माझ्या घरची तसंच बोलते. पन तो माझ्या गाडीवर मागं बसला.

वाटंत मी त्याला दहादा बजावलं, काय वाट्टेल ते करा पन आधी हात सोडू नका. आबा सोडंल तवाच. कितीबी येळ लागू द्या.

घरी आलो तवा दिवे लागत हुते. आबाचे डोळे खाटंच्या पायथ्याशी, हात गोधडीत चाललेला. लामाशेठनं चप्पल काढली, खाटंजवळ बसला. त्याच्या जाकिटाची बाही मनगटाला घट्ट. त्यानं इकडं तिकडं बघितलं आन माझ्या काखंतला तो स्वेटर मागून घेतला. डोक्यातनं घातला. बाही हाताच्या खाली लोंबायला लागली. त्यानं ती आबापुढं धरली.

आबाची नजर पायथ्याकडनं हालली. बाहीवर आली. मग त्या गोल तोंडावर. मी आबाला इतक्या दिवसांत रडताना बघितलं नव्हतं, आता बी तो रडला न्हाई, त्याला नुसती धाप लागल्यासारखी झाली. मिटलेला हात उचलायला त्याला लई येळ लागला. मी मदत करायला गेलो तर घरचीनं मला दंडाला धरून मागं ओढलं. हात बाहीत गेला.

मी भिंतीला टेकून उभा. लोकर हालत हुती, आत काय चाललंय ते दिसत न्हाई. बाजारात आयुष्य गेलं माझं, पन भाईरच्या गर्दीत उभं ऱ्हायची पाळी पहिल्यांदाच आली. लामाशेठचं तोंड आधी हसरं हुतं. मग हसू गेलं. त्यानं एकदा बाहीकडं बघितलं, एकदा खाटंच्या पायथ्याशी बघितलं, आन तो जरा सरकून बसला, जशी शेजारच्याला जागा करून देतात तसा.

त्याचा मोबाईल वाजला. बायकोचा असंल, पालात गर्दी झाली असंल. त्यानं घेतला न्हाई. वाजून थांबला. परत वाजला. आबाची बोटं थांबली असतील, बाही शांत.

आन लामाशेठनं हात काढला. झटक्यात, आन उठून उभा ऱ्हायला.

माझ्या तोंडातनं शिवी गेली. मी म्हनलं, "अरं तुला हज्जारदा सांगितलं हुतं."

तो माझ्याकडं वळला न्हाई. आबाकडं वाकून, मोठ्यानं, आबाला ऐकू जावं असं म्हनला, "आजोबा, तवा तुमचा मानूस उठला. आज मी उठलो. झालं."

आबाचा हात गोधडीवर पडला हुता. उताना. बोटं उघडी. आबा त्या तळव्याकडं बघत ऱ्हायला, जसा तो दुसऱ्याच कुनाचा हाय. मग वाकड्या तोंडानं त्यानं एक शब्द काढला. आमाला वाटलं 'सोड' म्हनतोय. तो 'पानी' म्हनत हुता.

घरचीनं वाटी लावली. अर्धी प्याला, अर्धी सांडली. नंतर पेज बी घेतली.

लामाशेठला सोडायला मी पालापर्यंत गेलो. शिवीबद्दल काय बोलावं कळंना, म्हनून म्हनलं स्वेटर चांगला बसला तुमाला, ठिवा. त्यानं तो काढला आन घडी करून माझ्या हातात दिला. म्हनला, "काका, बाहीत दोन हात हुते. एक तुमच्या बापाचा, गरम." दुसऱ्याचं त्यानं सांगितलं न्हाई. आपला हात तो जाकिटाला पुसत ऱ्हायला. मी म्हनलं, "मग तुमी सोडला कुनाचा?" तो म्हनला, "दोघांचा." आन पालात शिरला, बायकोनं त्याला धारेवर धरलं.

आबा उन्हाळा लागस्तवर जगला. खाऊन पिऊन, माझ्यावर डोळे वटारून. गेला तवा हात उघडा हुता, आमी बघितलं. स्वेटर घरची घरात ठिवू देईना, तो शेळ्यांच्या छपरात खिळ्याला हाय. सांच्याला वैरन टाकायला जातो तवा मी त्याच्याकडं पाठ करत न्हाई. शेळ्या त्याच्या खाली बसतात, त्यांना काय वाटत न्हाई. त्या माझ्यापेक्षा शहान्या असतील.

लामाशेठ उठला तवाच आमच्या घरातली रीत संपली, असं घरची म्हनते. आता झटका हात आन उठा, म्हनते, चार पैसे घरात येऊ द्या. बाजारात मी बसतो, टावेल टाकतो. आता खाली दोनच हात असतात. गिऱ्हाइकाचा आन माझा. मी मनगटापाशी गार लागतंय का बघतो, न्हाई लागत. दाबत दाबत भाव कुठला कुठं जातो, समोरचा वाट बघतो मी उठायची, आन मी उठत न्हाई. आबाचं करंगळीशेजारचं बोट वाकडं हुतं. तेवढं लागलं तर आबा आलाय ते कळंल, असं वाटतं.

परवा जामखेडचे चाचा भेटले. आबाचं त्यांना मी सगळं सांगितलं हुतं. एका म्हशीवर आमी हात धरला. म्हस कधीच गेली. बाजार उलगला, झाडलोट सुरू झाली. चाचांनी टावेलाकडं बघून इचारलं, "आला का रं?"

मी म्हनलं, "न्हाई."

"बसू जरा," चाचा म्हनले, आन दुसऱ्या हातानं बिडी काढली.